अकरा मिनिटं

"कलम सात," चष्मेवाली म्हणाली आणि करार धाकटीपुढे सरकवला. "पायरीवरचा अकरा मिनिटांचा शॉट सिनेमातून काढायचा. मूळ चित्रीकरण आमच्याकडे जमा. तुमच्याकडे प्रत ठेवायची नाही. कंपनीत तुम्ही दोघंच भागीदार, म्हणून दोघांच्या सह्या."

"आणि मी नाही केली तर?"

चष्मेवालीनं भावजींकडे पाहिलं. भावजी टेबलाच्या काचेत बघत होते.

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. हीच ती त्यांचा सिनेमा लावणारी मोठी कंपनी! दार उघडायला एक माणूस, लिफ्टचं बटण दाबायला दुसरा, पाण्याचे ग्लास आणायला तिसरा आणि ते उचलायला भलताच कुणी. भिंतीवर पोस्टरं, एकेका पोस्टरवर निर्मात्यांची मुंग्यांसारखी रांग. त्यातल्या एकानं तरी कधी कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर घेतला असेल तर शपथ.

धाकटीची नि भावजींची कंपनी म्हणजे घरातली मागची खोली. माणसं तीन. भावजी दिग्दर्शक आणि कॅमेरा. धाकटी संकलन आणि आवाज. थोरली, म्हणजे धाकटीची सख्खी बहीण आणि भावजींची बायको, ती नायिका. शिवाय गाडी चालवणार तीच, वीस माणसांचा स्वयंपाक करणार तीच, आणि शॉट लागला की ओले हात पुसत कॅमेऱ्यासमोर येणार तीच. "आधी भांडी घासू द्या, मग रडवा मला," म्हणायची.

शूटिंग संपलं आणि पाचव्या महिन्यात थोरली गेली. दुखणं कळलं तेव्हाच हाताबाहेर गेलं होतं.

त्याला चार वर्षं झाली. सिनेमा मागच्या खोलीतच राहिला. धाकटी रोज त्याच्यासमोर बसायची. कापायची, जोडायची, पुन्हा होतं तसं करून ठेवायची. सुरुवात मात्र त्या अकरा मिनिटांनी. थोरली पायरीवर बसते. बूट काढते. पाय चोळत स्वतःशीच गुणगुणते. मध्येच वर बघते, हसते, "अजून चालूच आहे का?" विचारते आणि पुन्हा गुणगुणायला लागते. गोष्टीशी काडीचा संबंध नाही. त्या दिवशी भावजींना कॅमेरा बंद करायचं भानच राहिलं नव्हतं.

भावजींची खोली भिंतीपलीकडे. गुणगुणणं सुरू झालं की ते चहाचा कप घेऊन रस्त्यावर जाऊन उभे राहायचे, ऊन असो की पाऊस. धाकटी मग आवाज थोडा वाढवायची. बाहेरही नीट ऐकू जावं म्हणून.

आणि हाच माणूस मागच्या महिन्यात सिनेमा उचलून इथं आला होता. तिला न विचारता. "पूर्ण तरी होईल गं," एवढंच म्हणाला. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

"तुम्ही पाहिला तरी का हो तो शॉट?" तिनं चष्मेवालीला विचारलं.

"तीनदा."

"तीनदा पाहून काढताय? वा! दगडाचं काळीज पगारासोबत मिळतं का इथं?"

"करारात आहे ते मी वाचून दाखवते आहे."

"करार काय आभाळातून पडला?"

चष्मेवालीनं कराराचं पान सरळ केलं.

"भावजी, तुम्ही तरी तोंड उघडा! बायको होती ना तुमची?"

"सही कर ना गं," भावजी म्हणाले. आवाज अगदी खाली गेलेला. "होऊन जाऊ दे एकदा."

"होऊन जाऊ दे? एवढे कसे हो भिता यांना?" धाकटी उठूनच उभी राहिली. "आमच्यासारख्या छोट्या कंपनीकडे काय असतं, बाई? थेटर नाही, पोस्टर नाही, ओळखपाळख नाही. कात्री तेवढी आपल्या हातात. तीपण तुम्हाला हवी?" तिनं करार मागे ढकलला. "माझ्याकडे तिचे ढीगभर फोटो आहेत. प्रत्येकात हातात काही ना काही आहे. झारा, दोरी, दुसऱ्याचं पोर. नुसती बसलेली ती मला याच अकरा मिनिटांत दिसते. जन्मात एवढीच बसली माझी बहीण. ते मी तुमच्या कपाटात टाकू?"

चष्मेवालीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पेन उचलून कलम सातवर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली.

"राहू दे तो शॉट," ती म्हणाली. "सिनेमा अकरा मिनिटांसकट लागेल. चित्रीकरण तुमच्याकडेच ठेवा."

धाकटीला क्षणभर खरंच वाटेना. मग तिनं झरझर सही ठोकली आणि भावजींचा दंड धरून हलवला. "बघितलंत? भांडावं लागतं! तुमच्यासारखं मान खाली घालून बसलं असतं तर गिळलंच होतं यांनी तिला."

भावजी उठले. समोरचं पेन त्यांनी उचललंच नाही. खुर्ची नीट आत सारली आणि दार उघडून बाहेर गेले.

"भरून आलं असेल," धाकटी डोळे पुसत हसली. "येतील, सही करतील. त्यांचं असंच. पण आता खरं सांगा हं, बाई. ते कापायची बुद्धी तुमच्या कुठल्या साहेबाला झाली?"

चष्मेवाली बंद दाराकडे बघत राहिली.

"आमच्यातल्या कुणालाच नाही. आम्हाला तो शॉट हवाच होता. ते पहिल्यांदा आले ना, तेव्हा उभ्या उभ्या एवढंच म्हणाले, सिनेमा फुकट घ्या, पण ती अकरा मिनिटं माझ्या घरातून घेऊन जा."