पुतळ्याचं तोंड

क्रेनचा पट्टा पुतळ्याच्या काखेत बसला, तशा भिमाबाई हार घेऊन पोलिसांच्या दोरीखालून आत शिरल्या. सून श्रद्धा मागून हाका मारत होती. कोण ऐकतंय.

पिंपरीच्या या चौकातला कामगाराचा पुतळा कुणाला माहीत नाही? दोन्ही हातांनी लोखंडी चाक उचललेला गडी. उड्डाणपुलासाठी आज तो हलवायचा होता. आणि हा गडी म्हणजे आपला मालक किसन, हे भिमाबाईंनी सगळ्या वस्तीला ऐकवून ठेवलं होतं. फाउंड्रीत सहा दिवस राबून किसन पाच रविवार शिल्पकाराच्या शेडमध्ये उभा राहिला होता. बायकोनं चारचौघांत बढाई मारली की मान खाली घालून हसायचा. त्याला जाऊन वीस वर्षं झाली. दर वर्षी त्या दिवशी पुतळ्याचा हार चुकला नाही.

आज चौथऱ्यापाशी आधीच एक बाई हार घेऊन उभी. मोशीच्या कौशल्याबाई. त्या म्हणाल्या, हे तर आमचे बबनराव.

भिमाबाईंनी तिथल्या तिथं त्यांची हजेरी घेतली. नवऱ्याचं तोंड कधी नीट बघितलं होतं का, विचारलं. कौशल्याबाई भांडल्या नाहीत. मोबाइल काढून फोटो पुढं धरला. तेच बसकं नाक, तीच रुंद हनुवटी. श्रद्धानं एकदा फोटो पाहिला, एकदा पुतळा पाहिला, आणि नजर चपलांकडं नेली.

भिमाबाई गोंधळल्या. किसनचं नाक सरळ होतं ना? का नव्हतं? घरी फोटो एकच, कंपनीच्या ओळखपत्रावरचा, तोही पुसट. आठवायला जावं तर पुतळ्याचंच नाक पुढं यायचं. मग माणूस जन्मभर खोटं बोलला? आणि ते पाच रविवार गेला कुठं?

शिल्पकाराची मुलगी विजयश्री काम बघायला आली होती. भिमाबाईंनी तिला गाठलं.

"खरं सांग बाई. आमचा माणूस आला होता का न्हाई तुझ्या बापाकडं?"

"किसनकाका? आले होते की. मीच चहा द्यायचे त्यांना. चेहरा बबनरावांचा आहे, काकू. किसनकाकांना बाबांनी पाठमोरं उभं केलं होतं. अशी पाठ अख्ख्या भोसरीत दुसरी नाही, म्हणायचे."

पाठ. पुतळ्याची पाठ कोण बघतो? आणि बघायची कशी? मागं बाराही महिने पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. क्रेनसाठी म्हणून ते आज सकाळी निघाले होते.

पुतळा उचलला गेला, हवेत संथ फिरला आणि ट्रेलरवर पालथा उतरला. भिमाबाई जवळ गेल्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. साचे वाहून वाहून तसा झालेला. कण्याची खोल पन्हळ. मानेखाली तो टणक उंचवटा, शिफ्टवरून आल्यावर तेल चोळताना अंगठ्याखाली यायचा तो. त्यांचा अंगठा नेमका तिथंच गेला.

श्रद्धा वाकून विचारत होती, काय झालं. भिमाबाईंनी हार तिच्याकडं दिला.

"वीस वर्षं मी दुसरीच्या नवऱ्याला हार घातला गं. अन् ह्यो मागं गप उभा."