सुंता करणाऱ्याची सून

“बाळाला जरा माझ्याकडे दे,” सासरे म्हणाले आणि तिचे हात आपोआप घट्ट झाले.

“आत्ताच डोळा लागलाय त्याचा, बाबा.”

ते दुपट्यातल्या त्या गाठोड्याकडे नुसते बघत राहिले. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, “दुपारी तू झोपतेस का गं?”

“नाही,” ती म्हणाली. साफ खोटं. बाळंतपणापासून तिला बसल्या जागी डुलक्या येत होत्या. पण ते त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकच काम केलं होतं. मुलांच्या सुंता. चामडी पिशवी घेऊन घरोघर जायचं, साखरेच्या पाण्यात भिजवलेली चिंधी बाळाच्या तोंडात द्यायची आणि त्याने टाहो फोडायच्या आत हात मोकळे करायचे. बाबांच्या नजरेला नजर देणारा पुरुष या गल्लीत नाही, असं तिचा नवरा हसून सांगायचा. हात थरथरायला लागले तसं त्यांनी काम बंद केलं. पिशवी मात्र टाकून दिली नाही.

तिच्या माहेरी ही रीत नव्हती. लग्न ठरताना हा विषय कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. मुलगा झाला आणि विषय थेट जेवणाच्या टेबलावर आला.

“आपल्या घरात प्रत्येक मुलाची झालीय,” नवरा म्हणाला. “याचीच नाही केली तर उद्या भावंडांत हा वेगळा पडेल.”

“पडला वेगळा तर मोठा झाल्यावर करून घेईल. मी आडवी येणार नाही. पण अंग त्याचं आहे, ठरवू दे त्यालाच.”

“लस काय त्याला विचारून टोचलीस?”

“लस नाही टोचली तर त्याला आजार होईल. हे नाही केलं तर फक्त तुझ्या आत्यांना होईल.”

नवऱ्याला हसू आलं. सासऱ्यांना नाही. ते मान खाली घालून घास चिवडत होते. या विषयावर बोलायचा ज्याला सगळ्यांत जास्त हक्क, तोच माणूस मूग गिळून बसलेला. तिला ते काही बरं वाटलं नाही.

शेवटी नवऱ्याने हात टेकले. “बरं बाई, जिंकलीस तू. तुझ्या मनाविरुद्ध काही होणार नाही.” त्या संध्याकाळी त्याने स्वतः चहा करून दिला. तिला भरून आलं.

सासऱ्यांचं वागणं मात्र दिवसेंदिवस चमत्कारिक होत गेलं. गॅलरीतली त्यांची खुर्ची एके सकाळी तिच्या खोलीबाहेर येऊन पडली. ती आंघोळीला गेली की ते पाळण्यापाशी हजर. एकदा नवरा आत फोनवर बोलत होता, तर म्हातारा दाराआड कान देऊन उभा. तिला बघून ओशाळला, खोटं खोटं खोकला आणि निघून गेला.

“तुझे बाबा पाळत ठेवून आहेत,” तिने नवऱ्याला सांगितलं. “मला त्यांची भीती वाटते.”

“म्हातारपण गं. नातवाचं वेड लागलंय त्यांना.” त्याने तिच्या अंगावर पांघरूण सारखं केलं. “चेहरा किती ओढलाय बघ तुझा. आज सुट्टीच घेतलीय मी. तू निवांत झोप, मी आहे ना बाळापाशी.”

कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा पाळणा रिकामा होता. ती तशीच अनवाणी बाहेर धावली. सासऱ्यांच्या खोलीचं दार बंद. आतून बाळाची कुरकुर ऐकू येत होती.

“बाबा! दार उघडा!” तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं. आतून कडी होती. “माझ्या बाळाला हात लावलात तर याद राखा!”

“बाहेर तू एकटीच आहेस का?” आतून आवाज आला. शांत, जरासा दमलेला.

“तुमच्या मुलालाच बोलावते थांबा!” ती गर्रकन वळली.

नवरा मागेच उभा होता. त्याच्यामागे जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं. त्यावर कापूस, चिमटे, इंजेक्शन. टेबलापाशी रबरी हातमोजे घातलेला एक अनोळखी माणूस.

“हे डॉक्टर आहेत,” नवरा तिच्याकडे न बघता म्हणाला. “पटकन होतं गं. जागा बधिर करतात, त्याला कळलंही नसतं. तू उठायच्या आत उरकलं असतं, तर तुलाही त्रास...”

“तुम्ही तर म्हणालात, आई तयार आहे,” डॉक्टर म्हणाला आणि हातमोजे काढू लागला.

ती पुन्हा बंद दाराकडे वळली.

“पोरी,” आतून सासरे बोलले, “मी वाईट काम केलं असं मला आजही वाटत नाही. पण ज्या घरात आई नाही म्हणाली, त्या घरातून मी पिशवी न उघडता परत आलोय. फोनवर याचं ठरलेलं ऐकलं तेव्हा तुला सांगायला हवं होतं. पोटच्या पोराची चहाडी करायला जीभ रेटेना.” बाळ रडायला लागलं. त्याला थोपटल्याचा आवाज आला. “भूक लागलीय याला. उघडू का आता?”

“उघडा बाबा, पुरे झाला तमाशा,” नवरा म्हणाला आणि एक पाऊल पुढे आला.

तिने दाराला पाठ लावली आणि दोन्ही हात चौकटीवर रोवले.

“बाबा,” नवऱ्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “कडी काढू नका.”