दारावरची किंमत

रंगरावांनी रोजच्यासारखी ताडपत्री उचलून ट्रकच्या दारावर उजळलेली, आज विकला तर मिळेल ती किंमत वाचली. चाळीस लाख. विजेचा ट्रक न फिरवता जपला की किंमत टिकते, म्हणून त्यांनी सीटवरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारी राहणारा त्यांचा साडू गुणाजी तसाच ट्रक चिखलाने माखून घेऊन आला. आतल्या पोरांचं हसणं ऐकून रंगरावांच्या पोटात दुखलं. पण त्याच्या दारावर बावीस लाख बघून बरं वाटलं.

"उधळा अजून!"

"धरणावर पोरं मनसोक्त पोहली, साडू. तुम्ही यायला हवं होतं."

इतक्यात कंपनीने नवं मॉडेल जाहीर केलं आणि दोन्ही दारांवर एकच आकडा उमटला. नऊ लाख.

रंगरावांची बायको हौसा तो चिखल बघत राहिली.

"दाजी," तिने गुणाजीला विचारलं, "उद्या तुमच्या ट्रकमध्ये मला जागा होईल?"