खडकाचा गाभा

नानासाहेबांच्या गारखेड्यातल्या घरापाशी आल्यावर जमिलाचा पाय उचलेना. पर्समध्ये संपादकाला लिहिलेलं पत्र होतं. लेख मागं घेते, एवढंच त्यात.

वीस वर्षांपूर्वी याच माणसानं खुलताबादला येऊन तिच्या अब्बांची समजूत घातली होती. "कमरोद्दीनभाई, पोरगी लई हुशार हाय. शिकू द्या तिला." त्यांच्याच प्रयोगशाळेत तिला कळलं, की जीव मरतो, नावनिशाणी उरत नाही, पण त्याच्या चरबीचा एखादा रेणू समुद्रतळाच्या गाळात कोट्यवधी वर्षं टिकून राहतो. असा रेणू अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडला, हा नानासाहेबांचा शोध. त्यांचं सगळं नाव त्यावरच झालेलं.

अन् जमिलानं त्याच खडकाचा जपून ठेवलेला नमुना पुन्हा कापला होता. रेणू नुसत्या वरच्या सालीत होता, गाभा कोरा. म्हणजे तो पुरातन नव्हताच. खडक खणताना यंत्राचं तेल लागलं, त्यातला होता.

तिनं लेख परदेशी नियतकालिकाला गुपचूप धाडला. इथं कुणाला एक ओळही दाखवली नाही. निनावी परीक्षकाचा शेरा परवा आला : पुरावा बिनतोड आहे. मूळ संशोधकानं गाभा तपासायची तसदी घेतली नाही. त्याची गय करू नये. लेख छापावा.

वाचून ती रडली होती. गय करू नये म्हणे! सरांना ओळखतो तरी का हा माणूस?

सरांच्या पत्नी आशाबाईंनी दार उघडलं. "अगं, बाहेर काय उभी? धपाटे केलेत तुझ्यासाठी."

नानासाहेब तिच्या समोरच बसले. तिनं तुकडा मोडला अन् तसाच ताटात ठेवला.

"काय लिहितीस सध्या?"

"काही नाय, सर. एक लेख होता. मागं घेतेय."

"का गं?"

"दम नाय त्यात."

नानासाहेबांनी दह्याची वाटी तिच्यापुढं सरकवली.

"खा आधी," ते म्हणाले. "अन् चौथ्या पानावरच्या तक्त्यात सालीचा अन् गाभ्याचा रकाना उलटा पडलाय. तेवढं नीट कर अन् आजच धाड."