बिनमाशांची टाकी

"तोही खडक काढा," एल्विया म्हणाली.

रेमिहिओ खांद्यापर्यंत टाकीत वाकला होता. मेरिदा शहरातली ऑगस्टची सकाळ, त्यात रविवार. खारं पाणी त्याच्या कोपरावरून निथळून फरशीवर सांडत होतं. निम्मे खडक टबांत गेले होते, मासे एल्वियाच्या बादल्यांत. ती मात्र खुर्चीत बसून त्यानंच आणलेला कोचिनिताचा, मसालेदार डुकराच्या मटणाचा, पाव खात होती. दुसरा.

"कोमाद्रे, त्याला हात लावायला सांगू नका." रेमिहिओ तिच्या लेकीचा धर्मपिता. बाप्तिस्म्यापासून ती त्याची कोमाद्रे, तो तिचा कोम्पाद्रे; दोघं एकमेकांना असंच मानानं हाक मारत. "याच्यावरचं पोवळं बघा. बशीएवढं आणलं होतं, आता परातीएवढं झालंय. पुढच्या रविवारी मासे पाळणाऱ्यांच्या क्लबची माणसं हेच बघायला येणार आहेत."

"आणि त्याच्या फांद्यांत तो निळा मासा बसलाय."

"अंगठ्याएवढा तर आहे! त्याच्यापायी पोवळं मोडू?"

"पांढऱ्या दाण्यांच्या त्या किड्याला एक मासा पुरतो," एल्विया बोटं चाटत म्हणाली. "टाकीत एक जरी उरला तरी किडा त्याच्यावर जगणार. एकही नसला, तर अडीच महिन्यांत उपाशी मरणार. मग तुमचा टँग मासा माझ्याकडून आणा आणि खुशाल सोडा."

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. क्लबात कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं, आणि एल्वियाला खरी मजा त्यातच येत होती.

सगळं चाललं होतं त्या टँगसाठी. अकिलीस जातीचा, काळाभोर, शेपटीजवळ नारिंगी थेंब. भारी नाजूक मासा. पाणी जरा तापलं, प्रवाह जरा मंदावला, की अंगावर मिठासारखे पांढरे दाणे उठलेच. गेल्या महिन्यात रेमिहिओ त्याला बादलीत घालून धावत तिच्याकडे आला, तेव्हा मासा कुशीवर पडून धापा टाकत होता. तिनं त्याला औषधाच्या टाकीत ठेवलं, तांब्याचं औषध थेंबाथेंबानं वाढवत नेलं, पंप जोरात लावला आणि समुद्री शेवाळाची पट्टी हातात धरून त्याला भरवलं. आता तो पट्टीचे लचके तोडत होता. तो परत हवा असेल तर आधी घरची टाकी रिकामी करा, एवढीच तिची अट होती.

रेमिहिओनं खडकावरचा हात मागे घेतला.

"बरं, राहू द्या," ती म्हणाली. "टँग आत्ताच आणते. स्वच्छ आहे, सरळ सोडू?"

खाई त्याला खवखवे. रेमिहिओचा चेहरा उतरला. एल्वियाचा नवरा फाउस्तो शेवटच्या आजारात झोपाळ्यात पडून दिवसभर आपल्या टाकीकडे बघत असायचा. तेव्हा रेमिहिओनं त्याला भेट म्हणून एक टँग आणून दिला होता आणि नेमकं हेच म्हणाला होता: स्वच्छ आहे, सरळ सोड. घरची पीडा त्यानं दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडली होती. फाउस्तोचे मासे एकामागून एक त्याच्या डोळ्यांदेखत मेले. वर क्लबात रेमिहिओनं सांगितलं, बिचाऱ्या फाउस्तोचे हात कापतात, औषध चुकलं असेल. ते फाउस्तोच्या कानांवर आलं. त्यानंतर त्यानं टाकीकडे पाठ केली ती मरेपर्यंत.

"कोमाद्रे, तेव्हा मला..."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."



"होतं," रेमिहिओ म्हणाला. "दाणे दिसले होते मला."

हा शब्द ऐकला की काळीज निवेल असं एल्वियाला वाटलं होतं. कसलं निवतंय! उलट रागाला आणखी भूक लागली.

"फोडा," ती म्हणाली.

त्यानं दोन्ही हातांनी खडक हलवला. पोवळ्याच्या फांद्या पापडासारख्या कडाकडा मोडल्या आणि जांभळे तुकडे वाळूवर पडले. निळा मासा बाहेर निसटला. जाळीत सापडायला त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात उरलंसुरलं पोवळंही तुटलं. रेमिहिओनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. नुसतं पाणी नव्हतं ते.

दोघांनी मिळून बादल्या तिच्या गाडीत चढवल्या. माशांवर एल्वियाचा मुळीच राग नव्हता. घरी टाक्या तयार होत्या, पाणी जोखून ठेवलेलं होतं, शेवाळ भिजत घातलेलं होतं. फाउस्तोनं जपलं असतं तसं ती एकेकाला जपणार होती. पण हे रेमिहिओला कशाला सांगायचं?

तो गाडीच्या खिडकीशी आला. त्याच्या मागे, उघड्या दारातून, उजेड लावलेली टाकी दिसत होती. आत हलणारं काहीच नव्हतं.

"कोमाद्रे, सगळेच तुमच्याकडे झाले. नीट राहतील ना?"

"अडीच महिने आहेत अजून."

"मधे एकदा बघून जाऊ का?"

"नको. अनोळखी माणूस दिसलं की बिचकतात."

"मग मला कळणार कसं?"

एल्वियानं गाडी सुरू केली.

"मी सांगेन ना. विश्वास ठेवायचा, कोम्पाद्रे. घरचीच माणसं आपण."