हिरवं ग्रहण

दिवेलागणीला बार्शीचं आभाळ हिरवं झालं आणि सासूबाईंनी हेमांगीच्या खोलीची खिडकी लावून घेतली. पृथ्वीचं चुंबकत्व क्षीण झाल्यापासून ध्रुवाकडचे ते प्रकाश रोज इथवर येत. हेमांगीला सहावा महिना होता.

"आई, सूर्याकडून आलेले कण हवेला धडकतात, म्हणून ती चमकते. त्यानं बाळाला काय होणार?"

"ग्रहणातही तुम्ही मुली असंच म्हणता. मी पाळलं, म्हणून माझी लेकरं धड निघाली."

"ग्रहण दोन-तीन तासांत सुटतं. हे कधी सुटणार?"

सासूबाईंनी जपमाळ हातात घेतली. दाराशी बसून जप करता करता त्या पेंगल्या.

बाहेरून जाऊबाईंचा आवाज आला, "अगं बाई, आज जांभळा रंगपण आहे."

हेमांगीला राहवलं नाही. सासूबाईंच्या बाजूनं हळूच निघून ती गच्चीवर गेली. कित्येक दिवसांनी संध्याकाळचा वारा अंगाला लागला. माथ्यावर हिरवे-जांभळे पडदे हलत होते. ती डोळे भरून बघत राहिली.

मग तिच्या ध्यानात आलं, आपण दोन्ही हातांनी पदर पोटावर घट्ट धरला आहे. सोडावा म्हटलं, तर हात सुटेनात.