पाहुण्यांच्या कपबश्या

"कावून पुसलं मावशी समदं? कावून?" जमादार रामेश्वरने कपाळावर हात मारून घेतला.

तुळजाबाईंनी घर लख्ख करून ठेवलं होतं. बीडहून ठसे घेणाऱ्या मॅडम येतील, तोवर कशाला हात लावू नका, असं त्यानं बजावलं होतं. त्यातलं 'मॅडम येतील' एवढंच तुळजाबाईंनी ऐकलं. जिल्ह्याच्या गावाहून बाईमाणूस येणार आणि घर पारोसं? ओसरी सारवली, डबे राखेनं घासले, दाराचा कडीकोयंडासुद्धा ओल्या फडक्यानं पुसून काढला.

"चोराचा पुरावा धुऊन पालथा घातलाव की!"

"मग पावण्याला घाण दावू व्हय रं?"

ठसे घेणारी शिवांजली फळीकडे बघत होती. तिथं चिनीमातीच्या कपबश्या ओळीनं मांडलेल्या. "मावशी, ह्या पण धुतल्या?"

"त्या कशाला धू? त्या पावण्यांच्या हायेत."

शिवांजलीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि पेटी उघडली.

चोरीला गेलेली सोन्याची बोरमाळ त्या कपांच्या मागच्या डब्यात होती. तुळजाबाई बाजाराला गेल्या तेवढ्यात चोरानं कप उतरवले, माळ काढली आणि कप पुन्हा जिथल्या तिथं लावले. कुलूपही मोडलं नव्हतं. जमादाराचं सगळं म्हणणं त्यावरच उभं होतं. परका चोर मांडणी लावत बसत नाही, आणि किल्ली कोनाड्यात असते हे परक्याला ठाऊक नसतं. चोर घरचा. आणि घरचा म्हणजे एकच, हनुमान. तुळजाबाईंचा लेक, पुण्याकडं कंपनीत.

पहिल्या दिवशी तुळजाबाई चवताळून उठल्या होत्या. "माझ्या लेकरावर आळ घेतूस? जीभ झडंल तुझी."

"मग येऊन ठसे देऊ द्या की त्याला," जमादार म्हणाला होता. "नोटीस काढतो. सोताच्या मायला 'सुट्टी न्हाई' सांगता येतं, पोलिसाला न्हाई."

तेव्हापासून तुळजाबाई गप्प होत्या. आळ तर आळ.

"मावशी, हात द्या," शिवांजली म्हणाली. "घरच्या माणसाचे ठसे आधी घेतले, की परक्याचे वेगळे काढता येतात." तिनं एकेक बोट धरून शाईवर टेकवलं, कागदावर हलकेच फिरवलं. शेवटचं बोट झालं तरी तुळजाबाईंनी हात मागं घेतला नाही.

"झालं मावशी."

"झालं व्हय? इतक्यात?"

मग शिवांजलीनं ब्रशनं कपांवर काळी भुकटी फिरवली. पांढऱ्या चिनीमातीवर रेषा उमटू लागल्या. भिंग लावून ती एकेक कप बघत गेली.

"मुलगा कधी येऊन गेला?"

"दिवाळीला आलता की. सून, पोरं, समदी. ह्याच कपात च्या पिली."

"बघा मॅडम," जमादार म्हणाला. "माझं काय म्हणणं हाय?"

शिवांजलीनं एका अंगठ्याच्या ठशाचा फोटो काढला, लॅपटॉपवर चढवला. आधी कुठं पकडल्या गेलेल्या माणसांचे ठसे त्यात शोधता येतात, म्हणाली. पण रेंज नव्हती. जमादार बिचारा पोट सांभाळत शिडीनं माळवदावर चढला आणि मोबाईल आभाळाकडं धरून उभा राहिला.

"जुळला," बऱ्याच वेळानं शिवांजली म्हणाली. तिनं दोन्ही ठसे शेजारी ठेवून रेषान् रेष पुन्हा ताडून पाहिली. "हाच. गेवराईला सापडला होता मागं. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो म्हणून गावोगाव फिरतो, पाळत ठेवतो."

"त्यो?" तुळजाबाईंनी गालावर हात ठेवला. "मागल्या आठवड्यात आलता. शेगडी दुरुस्त न्हाई केली, पर ओसरीवर बसला लई येळ. पेलाभर च्या पिला. मावशी, एकटंच ऱ्हाता का, जेवलाव का, समदं इचारलं त्यानं." मग हळूच म्हणाल्या, "बोलायला लई ग्वाड हुता."

जमादार शिडीवरूनच ओरडला, "सुटला मावशी तुमचा हनुमान! आता नोटिशीचं काम न्हाई. त्याला म्हणावं, खुशाल ऱ्हा तिकडं."

तुळजाबाईंनी देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. बोटांची शाई अजून ओली होती.

शिवांजली पेटी आवरू लागली. आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, कपांवर दोघांचेच ठसे आहेत. तुमचे आणि त्या माणसाचे."

"धुतले की मी मागनं. पावणे गेल्यावर."

"हो," शिवांजली म्हणाली. "धुतल्यावर जातातच."

जीप सुरू झाली. तुळजाबाई ओसरीवरून उतरल्या, पदर सावरत लगबगीनं आल्या आणि खिडकीच्या काचेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. शिवांजलीनं काच खाली घेतली.

"बाई, यंत्रच ते. चुकत बी असंल," त्या म्हणाल्या. "पोराला एकदा बोलावून घ्या की. शक नको ऱ्हायाला."